तक्क्याच्या बरगड्या

गादीवाल्याच्या दुकानात मी रोज सकाळी जाऊन बसतो. गादी घ्यायला नव्हे. माझी गादी त्यानेच भरलेली आहे आणि ती मला पुरून उरेल. मी नुसता बसायला जातो. घरात सून म्हणते, "आप्पा, तुम्ही गोष्ट सुरू केली की माझं दूध उतू जातं." गादीवाल्याकडे उतू जाण्यासारखं काही नाही. तो दाभण चालवतो, मी तोंड चालवतो, दोघांचाही हात बसलेला आहे.

दुकान खाली, राहती जागा वर, मधे अरुंद लाकडी जिना. दुकानात पाऊल टाकलं की आधी काथ्याचा वास येतो, मग नवीन कापडाचा. एका भिंतीला उसवलेले सोफे उभे करून ठेवलेले असतात, पोटातल्या स्प्रिंगा बाहेर आलेले. मधोमध लाकडी माच, त्यावर गादी भरायची. माचाच्या वर आढ्याला एक ताणकाटा टांगलेला. कापूस, काथ्या जे भरायचं ते आधी त्याच्या आकड्याला लावून तोलायचं.

गादी शिवून झाली की तो एक गोष्ट कधी चुकवत नाही. उजव्या हाताचा पंजा पसरून गादीवर ठेवतो, खांद्याचा जोर देतो आणि डोळे मिटतो. खालची फळी हाताला जाणवली तर माल कमी पडला. मग उसवायचं, पुन्हा भरायचं. सोफ्याचंही तेच. "चौकट हाताला लागता कामा नये," हे त्याच्या वडिलांचं वाक्य, आणि वडिलांकडून त्याला मिळालेली इस्टेट म्हणाल तर तेवढीच. गिऱ्हाईक म्हणतं, "असू द्या हो, चालेल." हा म्हणतो, "तुम्हाला चालेल. माझ्या हाताला चालत नाही."

हात एकदा शिकला की तो डोक्याचं ऐकत नाही. आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते, ते मास्तरकीत येण्याआधी शेळ्यांच्या बाजारात दलाली करायचे. नवीन पोर शाळेत घालायला आणलं की ते त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, कमरेपाशी चिमटा घ्यायचे आणि मगच नाव लिहायचे. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वडिलांना म्हणाले, "हा पुढच्या वर्षी आणा. अजून भरला नाही." माझं एक वर्ष त्यात गेलं. मला वाईट वाटलं नाही, पुढे पाठ कधी भरलीच नाही ही गोष्ट वेगळी.

तर सांगत होतो गादीवाल्याचं.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, खोळी शिवायच्या. माचाच्या पलीकडे त्यांचं शिलाई यंत्र. हा बोलायचा कमी आणि त्या याच्याही वाट्याचं बोलायच्या, म्हणून हिशेब बरोबर बसायचा. एका गिऱ्हाइकाच्या घरी सोफा शिवून पोचवायला त्या हातगाडीबरोबर गेल्या. त्या घरच्या कुत्रीने आणि तिच्या पिल्लांनीच तो सोफा फाडलेला होता. परत आल्या तेव्हा काखेत रिकाम्या खोळींची पिशवी होती आणि पिशवीतून एक काळं नाक बाहेर आलेलं होतं.

"हे काय?" गादीवाला म्हणाला.

"तक्क्या."

"नाव विचारलं नाही मी. कशाला आणलं ते विचारतोय."

"सोफे फाडायला आपलं हक्काचं माणूस नको का? धंदा वाढेल."

मी तिथेच होतो. मी इतका हसलो की मला पाणी द्यावं लागलं. गादीवाला हसला नाही, पण दाभण खाली ठेवून त्याने पिल्लाच्या पंजाला हात लावून बघितला. पंजा केवढा तर माझ्या मुठीएवढा. "मोठं होणार हे," तो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "होऊ दे की. जिना आपलाच आहे."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी खोळीला बटणं लावता लावता वहिनी म्हणाल्या, "जरा बसते." त्या बसलेल्याच होत्या. गादीवाला म्हणाला, "बसलीच आहेस की." त्यावर उत्तर आलं नाही. बस, इतकंच. मला या गोष्टीला अजून मीठमसाला लावता येत नाही, आणि मी तर सर्दी झालेल्या माणसाचीही अर्धा तास गोष्ट करतो.

लोक आले, गेले. लग्न होऊन दुसऱ्या गावी असलेली मुलगी येऊन राहिली. गादीवाला रडला नाही. माणूस रडला की काय करायचं ते कळतं. पाणी द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा. हा नुसता "बरं" म्हणायचा. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. "बरं." कुणी म्हणालं, चहा घ्या. "बरं." आणि चहा तसाच समोर, साय धरून. मी म्हणालो, "गादीवाले, छत कोसळतंय हो तुमचं." "बरं." छत काही कोसळत नव्हतं, मी आपलं बघितलं.

मुलगी निघाली त्या दिवशी म्हणाली, "बाबा, पिल्लू मी नेऊ का? माझ्याकडे अंगण आहे. तुमचं तुम्हाला होत नाही."

"राहू दे," तो म्हणाला.

इतक्या दिवसांत "बरं" सोडून त्याच्या तोंडून आलेला पहिला शब्द तो. मुलीनेही ओळखलं असणार. तिने पिशवी उचलली आणि जिना उतरली.

दुकान सुरू झालं. दाभण चालू लागलं. एकदा पांढऱ्या खोळीवर लाल ठिपका दिसला. मी म्हणालो, "अहो, बोटात गेलंय दाभण." त्याने बोट उलटंपालटं करून बघितलं, जसं काही गिऱ्हाइकाचं बोट दुरुस्तीला आलंय, आणि खोळ धुवायला टाकली.

पिल्लाकडे मात्र त्याचं लक्ष होतं. लक्ष म्हणजे एकच, खाणं. सकाळी दूधपाव. मग उकडलेलं अंडं. दुपारी भात आणि मांसाचे तुकडे. चार वाजता पुन्हा दूध. संध्याकाळी वाडगा काठोकाठ. वाडगा चाटून पुसून झाला की तक्क्या मान वर करायचा आणि हा परत वाढायचा. आणि दिवेलागणीला, दुकानाची फळी लावण्याआधी, तक्क्याला माचावर उभा करायचा, पंजा पसरून त्याच्या कुशीवर ठेवायचा, दाबायचा आणि डोळे मिटायचे.

"काय म्हणते गादी?" मी विचारायचो.

"भरत आलीय," तो म्हणायचा.

आणि खरंच भरत आली. नाव सार्थ झालं. पुढून बघा, मागून बघा, सारखाच गोल. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "कुत्रं आहे का पिंप?" इस्त्रीवाला म्हणाला, "गुटगुटीत आहे हो, नजर लागेल." येणारंजाणारं प्रत्येक माणूस त्याच्या पाठीवर थाप मारून जायचं. मलाही वाटायचं, दु:खात का होईना, या माणसाने पोर चांगलं पोसलं. गुबगुबीत लेकरू कुणाला आवडत नाही? माझ्या आतेभावाच्या पोराला बाळपणी सुदृढ बालक म्हणून पहिलं बक्षीस मिळालं होतं, एक पितळी पेला. आता ते पोर पन्नाशीला आलंय आणि पेला वरच्या मजल्यावर आहे म्हणून त्याला बघता येत नाही, जिना चढवत नाही.

जिन्यावरूनच कळलं. एका सकाळी गादीवाला वरून हाक मारत होता आणि तक्क्या खालच्या पायरीशी उभा. पुढचा डावा पाय उचलायचा, पायरीवर टेकायचा आणि परत खाली घ्यायचा. मग बसायचा. दुकानात चालतानाही तो पाय जरा चोरायचा. गादीवाल्याने त्याला उचलून वर नेलं. दुसऱ्या दिवशीही उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या मध्यावर त्याला स्वतःलाच दम लागून बसावं लागलं, मांडीवर तक्क्या. मी खालून म्हणालो, "आता दोघांना कोण उचलणार? मी नाही बुवा." मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई तरुण होत्या, बाहेर मांजरं ओरडत होती, त्यांना वेळ नव्हता. त्यांनी पायाचे सांधे वाकवून बघितले, मग दोन्ही हात तक्क्याच्या कुशीवर ठेवले.

"याच्या बरगड्या कुठे आहेत?"

"आत आहेत," गादीवाला म्हणाला.

"आत आहेत ते मलाही ठाऊक आहे. हाताला लागतात का?"

"एकही लागत नाही. दाबून बघा कुठेही." किती तरी दिवसांनी त्याच्या आवाजात थोडा कस आला होता.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हणालो, "त्यांचा गाद्यांचा धंदा आहे."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. हे मला आवडलं. "हात पुढे करा. मूठ वळा. आता दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या या उंचवट्यांवरून फिरवा. कसं लागतं? टोकदार. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो हडकलाय. आता मूठ उघडा, तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबा. हाड आहे, पण मांसात बुडालंय. हा तुमचा तक्क्या. आता हात पालथा करा, सपाट ठेवा, आणि वरून बोट फिरवा."

आम्ही दोघेही आपापल्या हातावरून बोटं फिरवत बसलो. बाहेरची मांजरवाली बाई दारातून डोकावून गेली.

"असं लागलं पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसायला नको, पण न दाबता हाताला लागलं पाहिजे. वरून बघितलं तर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघितलं तर पोट मागच्या पायांकडे वर गेलेलं. याला कंबरच नाही. मोठ्या जातीचं पिल्लू आहे हे, अजून निम्मंही वाढलेलं नाही. हाडं कच्ची आहेत आणि त्यावर तुम्ही एवढं वजन घातलंय. असंच चाललं तर पाय वाकतील, सांधे कायमचे दुखतील."

गादीवाल्याने तक्क्याचा डावा पाय हातात धरून बघितला. मग म्हणाला, "लाकूड ओलं असताना चौकट भरायची नसते. पीळ पडतो."

"तेच," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मोठ्या जातीच्या पिल्लांचं कोरडं खाणं मिळतं तेच द्यायचं, त्यांनी दिलेल्या मापाच्या पेल्याने, दिवसाचं तीन वेळांत वाटून. दूधपाव, अंडी, वरचे तुकडे बंद. आणि उपाशीही ठेवायचं नाही, वाढतं पोर आहे. वजन दर आठवड्याला करायचं, पण ते उतरायची वाट बघायची नाही. पिल्लाचं वजन वाढणारच, फक्त हळू वाढलं पाहिजे. काट्यापेक्षा हातावर विश्वास ठेवायचा. आणि जिना बंद, दुकानातच झोपू द्यायचं.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन लावला. मी शेजारीच होतो आणि तिचा आवाज खणखणीत, म्हणून सगळं ऐकू आलं.

"बाबा, लंगडा करून ठेवाल त्याला. तेव्हाच म्हणाले होते मी. आता सुट्टीत येतेय, तोवर त्याची कंबर दिसली नाही आणि पाय सरळ पडला नाही तर मी त्याला घेऊन जाणार. आईने त्याला यासाठी नव्हतं आणलं."

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवला. तक्क्या माचाखाली घोरत होता. गादीवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेईल ती." आणि मग दाभणात सुतळी ओवायला लागला. ओवत राहिला. सुतळी भोकाच्या शेजारून जात होती.

त्या दिवसापासून पेला म्हणजे पेला. दाणे वर आले की बोटाने सपाट करायचे. पहिल्या आठवड्याला तक्क्याचं वजन करायचं ठरलं, तर माणसाच्या काट्यावर तो उभा राहीना. मग आम्ही उशीची मोठी खोळ घेतली, तिच्यात तक्क्याला घातलं, डोकं बाहेर, आणि खोळीची गाठ ताणकाट्याच्या आकड्याला लावली. तक्क्या आढ्याखाली लोंबकळत सगळ्या गल्लीकडे गंभीरपणे बघत होता. इस्त्रीवाला इस्त्री सोडून बघायला आला. "काय भाव लावला?" म्हणाला. मागे कपडा करपल्याचा वास सुटला तेव्हा पळत गेला.

पुढच्या आठवड्यांना काटा पुढेच गेला, आणि चांगला उडी मारून गेला. हाताला काही लागेना. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "चरबी कुठे कमी झालीय? मापाच्या खाण्याने एवढं वाढत नाही. घरात आणखी कोण भरवतं?"

"घरात मी एकटाच."

"मग गल्लीत कुणी तरी असेल."

झालं. गल्लीची चौकशी सुरू झाली, आणि ती माझ्याकडे लागली, कारण गादीवाला कुणाला काही विचारत नव्हता. चहावाल्याने कबूल केलं, सकाळी एक बिस्किट. "एकच?" "बशीत पडलेलं." इस्त्रीवाला म्हणाला, मी तर माझ्या पोरांनाही काही देत नाही. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुत्र्याला खायला घालू नये, आणि पाटी दुकानाबाहेर टांगली. दुसऱ्या दिवशी पाटी तक्क्यानेच खाल्ली. बिस्किटं बंद झाली तरी काटा पुढेच. मुलीची सुट्टी जवळ येत चालली होती. गादीवाल्याने आता पंजा टाकणंही सोडून दिलं होतं. नुसता माचावर बसून तक्क्याकडे बघायचा, गिऱ्हाइकाने न नेलेल्या मालाकडे बघावं तसा.

मग ती दुपार. सुनेचं माहेरी काही काम होतं, ती सकाळीच गेली होती, घरी जेवायला काही नव्हतं. मी बारा वाजता दुकानात गेलो तर दुकानात कुणी नाही, तक्क्याही नाही. वरून भाताचा वास. मी जिना चढलो. वहिनी गेल्यावर मी वर गेलो नव्हतो, कारणच पडलं नव्हतं.

लहानसं स्वयंपाकघर. खिडकीपाशी छोटं टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर दोन ताटं वाढलेली. भात, अंड्याचं कालवण, वाटीत दही. एका ताटासमोर गादीवाला बसलेला, पहिला घास हातात.

मला बरं वाटलं. म्हटलं, माणसाने आपली आठवण ठेवली, पावलं ओळखली. "वा, वेळेवर आलो की," मी म्हणालो, हात धुतले आणि खिडकीकडच्या खुर्चीवर बसून भात कालवला. तीनचार घास पोटात गेले. कालवण बरं होतं, मीठ कमी. मग मला माझ्या गुडघ्यापाशी काही तरी ऊन ऊन लागलं. बघतो तर तक्क्या. पायऱ्या चढायची बंदी असलेला, भाताच्या वासाने तीन पायांवर चढून आलेला, आणि माझ्या ताटाकडे बघत उभा. भुंकत नव्हता, हावरेपणाही करत नव्हता. आपल्या खुर्चीवर कुणी परका बसला की माणूस जसं बघतो तसं बघत होता.

मी गादीवाल्याकडे बघितलं. त्याचा घास हातातच होता.

"हे ताट कुणाचं?" मी विचारलं.

त्याने घास परत ताटात ठेवला.

"गादीवाले, तुम्ही रोज दोन ताटं वाढता?"

"दोन वाट्या तांदूळ," तो म्हणाला. "तिला एकदा ताप होता तेव्हा तिने पडल्या पडल्या मला भात शिकवला. दोन वाट्या तांदूळ, बोटाच्या पेरापर्यंत पाणी. मला तेवढंच येतं."

"एक वाटी केली तर?"

"केली नाही कधी."

"आणि मग हे?"

त्याने तक्क्याकडे बघितलं. "टाकवत नाही. ते खातं." थोडं थांबून म्हणाला, "ते मी कधी मोजलंच नाही. ते त्याचं नव्हतंच ना."

खरंच मोजलं नव्हतं. तक्क्याचा पेला तो बोटाने सपाट करत होता, आणि दिवसातून दोनदा एक अख्खं माणसाचं ताट शेजारून जात होतं. ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. रोज वाढत होता, रोज टेबलावरून उतरवत होता.

वाढू नका, एवढे दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. माझी जीभ काही थांबणाऱ्यातली नाही, पण तेव्हा थांबली. मी ताट पुढे ओढलं आणि उरलेला भात संपवला. दही संपवलं. तक्क्याने शेवटच्या घासापर्यंत वाट बघितली, मग टेबलाखाली जाऊन धपकन आडवा झाला.

"उद्या येतो," मी म्हणालो. "मीठ वाढवा जरा."

"बरं," तो म्हणाला. मग मी जिना उतरताना मागून म्हणाला, "संध्याकाळी पण असतं."

अशी माझी दोन वेळची सोय झाली. घरी मी भूक नाही म्हणून सांगायचो, पण रोज नाही सांगता येत, म्हणून थोडं घरीही जेवायचो. सून म्हणाली, "आप्पा, शर्टाची बटणं तुटताहेत. बाहेर काय खाता?" मी म्हणालो, "कुत्र्याचं." तिने कपाळाला हात लावला. आमच्या मास्तरांनी आता माझ्या पाठीवरून हात फिरवला असता तर मला थेट वरच्या वर्गात घातला असता.

जेवताना आम्ही फारसं बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलायचो. मी त्या खुर्चीवर बसून एकेक गोष्ट सांगायचो आणि तो जेवायचा. कधी कधी त्याची नजर माझ्या ताटावर यायची आणि तिथेच राहायची, माझा हात वरखाली होत असताना. काय बघत होता मला माहीत नाही. तो चेहरा तसाच, धुतलेल्या पाटीसारखा. तक्क्या काही दिवस येऊन उभा राहिला, मग आशा सोडून खालीच झोपायला लागला.

काटा पुढे जायचा, पण आता जरासा सरकायचा, उडी मारायचा नाही. तक्क्याचे पाय लांब झाले, मान लांब झाली. एका संध्याकाळी फळी लावण्याआधी गादीवाल्याने त्याला माचावर उभं केलं. वरून बघितलं. दिव्याचा उजेड पडला होता आणि बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंना सावली होती. त्याने पंजा ठेवला. खांद्याचा जोर द्यायला गेला आणि थांबला. नुसता ठेवला, पालथ्या हातावर बोट ठेवावं तितका हलका. डोळे मिटले.

"काय म्हणते गादी?" मी सवयीने विचारलं.

"लागतंय," तो म्हणाला.

हात बराच वेळ तसाच होता. तक्क्याने श्वास घेतला की हात वर यायचा, सोडला की खाली जायचा. "आप्पा, लागतंय," तो पुन्हा म्हणाला, आणि तेही त्या सपाट आवाजातच.

सुट्टीला मुलगी आली. आली तीच हातात नवा पट्टा घेऊन, न्यायच्या तयारीने. दुकानातच पिशवी ठेवली, गुडघ्यांवर बसली, तक्क्याने तिचं तोंड चाटलं. तिने त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं आणि परत पळवत आणलं. चारही पाय सारखे पडत होते. मग तिने त्याच्या कुशीवर हात ठेवला, बापाने ठेवावा तसाच, पंजा पसरून. गादीवाला दाभण हातात धरून उभा होता. हातातलं दाभण अजिबात हलत नव्हतं.

"कंबर आलीय की," ती म्हणाली. पट्टा घडी करून पिशवीत ठेवला. "राहू दे इथेच."

"बरं," तो म्हणाला.

दुपारी आम्ही वर गेलो. त्याने दोन ताटं वाढली, तिसरं मुलीसाठी काढलं. मी माझ्या रोजच्या खुर्चीवर बसलो. मुलगी ताट हातात घेऊन उभीच राहिली.

"आप्पा रोज इथेच जेवतात?" तिने विचारलं. रागाने नाही, आपलं सहज.

"आईचं ताट आप्पा खातात," गादीवाला म्हणाला. "तक्क्या खायचा, त्याचं वजन वाढायचं."

बोलून टाकलं त्याने आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. वाढायचा चमचा भातात उभा राहिला. मुलीने ताट टेबलावर ठेवलं. स्टूल ओढून बसली, बापाने वाढलेला भात कालवला आणि जेवली. मीही जेवलो. त्या दिवशी मी एकही गोष्ट सांगितली नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ती दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत बसवून आम्ही परत आलो. बाराच्या सुमाराला मी नेहमीसारखा जिना चढलो. वासावरूनच कळलं, भात जरा करपला होता. थोडा असला की करपतो, पाण्याचा अंदाज चुकतो.

टेबलावर एक ताट होतं. दुसरं फळीवर उपडं घातलेलं, कोरडं. गादीवाला खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर.

"आप्पा, आज एकच आहे," तो म्हणाला.

मला भूक लागली होती. सुनेला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की माझा भात टाकू नकोस. खिडकीबाहेर इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडत होता. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

"बरं," मी म्हणालो.

खाली आलो. तक्क्या माचाखाली कुशीवर झोपला होता. वाकून मी हात ठेवला. न दाबता लागत होत्या, एकेक.